उंसाच्या बेटांतील पाहुण्यांचा धंदा

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसावें. 1834 सालापासून पुढें सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर करारानें तेथें नेण्यांत आले, व त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेंहि होतीं. गणेशचतुर्थीस तेथें आजहि सार्वजनिक सुट्टी असते. सुमारें साडेबारा लक्ष वस्तीच्या या बेटावर लोक आपला चरितार्थ कसा चालवितात, हें पाहाणें जमीनधारक शेतकऱ्यास बोधप्रद आहे. कारण एका पिकाचा भरंवसा सुटल्यावर देशानें पाहुण्यांच्या पैशावर कितपत विसंबावें, याचा दाखला तेथें मिळतो.

एकोणिसाव्या शतकांत या लहानशा बेटावर साखरेचे अडीचशेंहून अधिक कारखाने होते. आज ते अवघे तीन राहिले आहेत. 1973 सालीं सात लक्ष टनांवर साखर निघाली होती, ती 2023 सालीं अडीच लक्ष टनांच्याहि आंत आली. याचें मुख्य कारण भाव होय. 1975 च्या करारान्वयें युरोपीय राष्ट्रें ठराविक साखर बांधलेल्या चढ्या भावानें घेत असत. 2006 पासून तो भाव पायरीपायरीनें शेंकडा 36 नें उतरविण्यांत आला, व 2009 सालीं तो करारच संपला. मोठ्या मळेवाल्यांनीं चिपाडापासून वीज व उंची प्रतीची तपकिरी साखर काढून तग धरिला. परंतु लहान कास्तकारास तोडणीची मजुरी परवडेना, व पुष्कळ शेतें पडीक पडलीं.

उंसाची जागा कांहीं अंशीं 1970 नंतर निघालेल्या कापडाच्या कारखान्यांनीं घेतली व कांहीं अंशीं प्रवाशांनीं. 1970 सालीं येणारे प्रवासी तीस हजारांच्या आंत होते. 2019 सालीं ते 13 लक्ष 80 हजारांवर, म्हणजे बेटाच्या वस्तीहूनहि अधिक झाले. एक हॉटेल उभें राहिलें म्हणजे त्याच्या भोंवतीं किती कामें निघतात तें पाहावें. आंत आचारी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बाया, धोबी, माळी व चौकीदार. बाहेर नावाडी, मोटारवाले, वाटाडे, कोळी, गवंडी, सुतार, आणि जुन्या जहाजांच्या लांकडी प्रतिकृति घडविणारे कारागीर. या कामांचें रीतसर शिक्षण देणारी शाळाहि तेथें आहे. ऊंसतोडीच्या मजुरास हंगामापुरतें काम मिळे. त्याच्या मुलीस आतां दरमहा पगार मिळूं शकतो, हा लाभ लहान नव्हे.

परंतु या मिळकतीस गळतीहि आहे. तांदूळ, गहूं व तेल बेटावर बाहेरून येतें. ताजा भाजीपाला, कोंबड्या व अंडीं मात्र बहुतांशीं तेथेंच होतात. पाहुण्याच्या पैशांतील जो भाग आयात मालावर खर्च होतो तो परत परदेशीं जातो. भाजीवाल्याच्या हातीं पडतो तोच गांवांत खेळतो.

या धंद्याची खरी कसोटी 2020 सालीं लागली. कोविडच्या सांथीमुळें मार्चांत बेटाचीं दारें बंद झालीं, तीं पूर्णपणें उघडलीं 1 ऑक्टोबर 2021 रोजीं. 2020 सालीं प्रवासी सुमारें तीन लक्षच आले, राष्ट्राचें उत्पन्न शेंकडा 14 हून अधिक घटलें, व नोकरांचे पगार चालूं राहावे म्हणून सरकारास मदत द्यावी लागली. अशांतच 25 जुलै 2020 रोजीं वाकाशिओ नांवाचें जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांत रुतलें, व ऑगस्टांत सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. कोळी व नावाडी दोघांचेंहि काम बसलें. तेल अडविण्यास लोकांनीं कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उंसाचें पाचट भरलें व त्यांचे तरंगते बांध घातले. मागें पडलेल्या पिकाचें पाचटच अशा वेळीं कामास आलें.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत विचारणीय गोष्ट जमिनीची. 2002 पासून सरकारनें ठराविक योजनांखालीं परकीयांस बंगले विकत घेण्याची मोकळीक दिली, व उंसाच्या कांहीं जमिनींवर बंगले आणि गोल्फचीं मैदानें झालीं. अशा विक्रीचा पैसा एकदांच येतो. जमीन मात्र कायमची जाते.

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा 1997 सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, व किनाऱ्यालगतच्या जमिनींस गिऱ्हाईकें येऊं लागलीं. पाहुण्यांच्या धंद्यास विरोध करावा असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि जमीन विकण्यापूर्वीं ती मुदतीच्या पट्ट्यानें देतां येईल काय, याचा विचार प्रत्येकानें करावा. हॉटेलांस लागणारी भाजी, अंडीं, नारळ व फळें गांवच्या शेतकऱ्यांनीं सोसायटीमार्फत एकत्र पुरवावीं, म्हणजे नित्याचा भाव ठरेल व दलाली वांचेल. घरांतील एखाद्यानें नोकरी धरावी, परंतु शेत पडीक टाकूं नये. पाहुणे न आलेल्या वर्षीं घर तगतें तें कोठारांतील दाण्यावर.