डब्यातली भडक बाई

रेल्वेत समोर बसलेली बाई कशी असेल, याचा अंदाज बांधायला तुम्हाला किती वेळ लागतो? मला तर पिशवी बाकाखाली सरकवेपर्यंतचा वेळ पुरतो! परवा लेकीने एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवला आणि माझी ही खोड चांगलीच उघडी पडली.

सिनेमा १९५२ चा, 'द नॅरो मार्जिन'. जेमतेम ७१ मिनिटांचा, कृष्णधवल. आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. शिकागोहून लॉस एंजेलिसला निघालेली गाडी. मारल्या गेलेल्या एका गुंडाच्या बायकोला साक्षीसाठी नेणारा पोलीस अधिकारी ब्राऊन. तिला संपवायला निघालेले मारेकरीही त्याच गाडीत, पण त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही. पार्श्वसंगीताऐवजी चाकांचा खडखडाट आणि इंजिनाची शिट्टी. अरुंद बोळातून कुणी आलं की आपलाच जीव वरखाली!

ही बाई सवंगच असणार, हे ब्राऊनने तिला बघायच्या आधीच ठरवलेलं. आणि ती निघतेही तशीच. भडक, फटकळ, मोठ्याने रेकॉर्ड लावणारी. दुसरीकडे गाडीत ओळख झालेली, लहान मुलाला घेऊन निघालेली एक सोज्वळ बाई. तिच्याशी बोलताना तो किती मवाळ होतो! याच्यासोबत दिसली म्हणून मारेकरी हिलाच 'ती' समजले तर? मला तिचीच काळजी.

आता शेवट सांगतेय. बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

खरी साक्षीदार ती सोज्वळ आईच! आणि भडक बाई? ती पोलीस. मारेकऱ्यांना चकवायला आणि ब्राऊन लाच खातो का, हेही बघायला पाठवलेली. त्याला काही कळायच्या आधीच ती मारली जाते.

मला एकदम मनमाडच्या गाडीतली एक बाई आठवली. गडद लिपस्टिक, फोनवर मोठमोठ्याने बोलणं. मी पर्स मांडीवर ओढून घेतली. तिने ते पाहिलं, आणि बोलणंच थांबवलं. पुढचे दोन तास ती खिडकीबाहेर बघत होती. आजही ते आठवलं की कसंसंच होतं.

सिनेमाच्या शेवटी ब्राऊन आणि ती आई सोबत चालत कोर्टाकडे निघतात. डब्यात मेलेल्या त्या बाईसाठी कुणी हळहळतसुद्धा नाही.

"अगं, तिच्या घरी कुणी कळवलं असेल का?" मी लेकीला विचारलं. तिने लॅपटॉप मिटला.