ऐकणे आणि ओळखणे : इंग्रजी श्रवणचाचणीची पूर्वतयारी

पुण्यातील खडकीचे नाव इंग्रजी कागदपत्रांत दीर्घकाळ ‘किर्की’ असे लिहिले गेले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे झालेली लढाईही इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘किर्कीची लढाई’ म्हणून नोंदली गेली. हे नाव लिहिणाऱ्यांच्या कानांत काही दोष नव्हता. मराठीत क आणि ख हे अर्थभेद करणारे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत. इंग्रजीत तसा भेद नाही, त्यामुळे त्या श्रोत्यांच्या लेखी ‘ख’ हा ‘क’च ठरला. ‘खडकी’तील ड उच्चारताना जीभ वर वळून ओझरता स्पर्श करते. हा ध्वनी इंग्रजीत नसल्याने त्याची जागा जवळच्या ‘र’ने घेतली, असे स्पष्टीकरण ध्वनिविचाराच्या आधारे देता येते.

यातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. ध्वनी कानांवर पडतात, परंतु त्यांची वर्गवारी आपण स्वभाषेच्या स्वनिमव्यवस्थेनुसार करतो. मराठी माध्यमातून शिकलेले अनेक प्रौढ विद्यार्थी आयईएलटीएससारख्या परीक्षेतील श्रवणविभागास घाबरतात आणि ‘आपले इंग्रजीच कच्चे’ असा निष्कर्ष काढतात. छापील संहिता पाहिल्यावर मात्र बहुतेक शब्द ओळखीचेच निघतात. अडचण शब्दसंग्रहाची नसून ओळखण्याची आहे, आणि ओळख सरावाने वाढते.

मराठी श्रोत्याच्या तीन अडचणी

पहिली, स्वरांची. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द आपण वेगळे लिहितो, पण बोलताना त्यांतील फरक सहसा राहत नाही. इंग्रजीतील ‘शिप’ (जहाज) आणि ‘शीप’ (मेंढी) यांत मात्र स्वराची लांबी व गुण दोन्ही बदलतात.

दुसरी, आघाताची. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपले त्याकडे लक्ष नसते. ‘थर्टी’चा आघात पहिल्या अक्षरावर, तर ‘थर्टीन’चा सामान्यतः दुसऱ्या अक्षरावर असतो. ‘कॅन’ हा शब्द वाक्यात निराघात आला की ‘कन’ एवढाच उरतो, तर ‘कान्ट’मधील स्वर पूर्ण उच्चारला जातो. जो अखेरच्या ‘ट’ची वाट पाहतो, तो होकार आणि नकार यांची गल्लत करतो.

तिसरी, शब्दांच्या जोडणीची. ‘करतो आहेस’चे ‘करतोयस’ होते, तरी आपण अडखळत नाही, कारण तो संक्षेप आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजीतही ‘नॉट ॲट ऑल’ हे शब्द ‘नॉटॅटॉल’ असे सलग येतात. रेल्वे स्थानकावरील इंग्रजी उद्घोषणा समजते, पण दोन व्यक्तींचा संवाद निसटतो, याचे कारण हेच. उद्घोषणेत ध्वनिमुद्रित शब्द सुटे सुटे जोडलेले असतात, तर संवादात ते एकमेकांत मिसळतात.

परीक्षेचे स्वरूप

आयईएलटीएसच्या श्रवणविभागात चार भाग व ४० प्रश्न असतात. ध्वनिमुद्रण सुमारे ३० मिनिटांचे असून ते एकदाच ऐकवले जाते. पहिले दोन भाग दैनंदिन व्यवहाराशी, तर पुढचे दोन शिक्षणाशी संबंधित असतात. चौथ्या भागात एकाच वक्त्याचे व्याख्यान असते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकी अशा विविध धाटणींचे उच्चार कानी पडतात. चुकीच्या वर्णलेखनास गुण मिळत नाहीत, आणि सूचनेत दिलेली शब्दमर्यादा ओलांडल्यास योग्य आशयाचे उत्तरही चूक ठरते.

प्रश्न वाचण्यासाठी मिळणारा अल्प वेळ अपेक्षा बांधण्यासाठी वापरावा. रिकाम्या जागी संख्या येईल, नाम येईल की स्थळ, हे आधी ठरवले म्हणजे कानांना शोधाची दिशा मिळते. एखादे उत्तर हुकल्यास ते सोडून पुढील प्रश्नाकडे वळावे. मागे रेंगाळल्यास एकाऐवजी तीन उत्तरे हातची जातात.

सरावाची पद्धत

शाळेतील श्रुतलेखन येथे उपयोगी पडते. संहिता उपलब्ध असलेला दोन मिनिटांचा उतारा निवडावा.

१. संहिता न पाहता ऐकावा व कळेल तेवढे लिहावे.
२. संहितेशी ताडून प्रत्येक चुकीचे कारण नोंदवावे : शब्द अपरिचित होता, परिचित असूनही ओळखता आला नाही, की लक्ष विचलित झाले?
३. न ओळखलेले शब्द पुन्हा ऐकून वक्त्याच्या लयीत स्वतः मोठ्याने म्हणावेत.

दुसरी पायरी बहुधा गाळली जाते, आणि मग तासन्‌तास ऐकूनही प्रगती होत नाही. अपरिचित शब्दांसाठी वाचन हवे, न ओळखलेल्यांसाठी उच्चारांचा अभ्यास हवा, आणि ढळलेल्या लक्षासाठी हळूहळू लांबी वाढवत केलेला सराव हवा. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्यास रोजचा अर्धा तासही पुरेसा उपयोगी ठरतो, मात्र त्यात खंड पडू नये.

स्वाध्याय : वरील पद्धतीने आठवडाभर सराव करा. आपल्या चुकांची तीन गटांत विभागणी करून सर्वाधिक चुका कोणत्या गटात आढळतात ते नोंदवा आणि पुढील आठवड्याच्या अभ्यासाची आखणी त्यानुसार करा.