बारवेतील एकाक्ष

मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, जखमेतून अळ्या सुटत, त्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव गिळी. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षाने नारू निघे. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला व २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स मात्र संपलेला नाही. आम्हा शिरूर कासारकरांना आज त्याच्या डोळ्याविषयी लिहावयाचे आहे.

ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव या जीवाला मिळाले. अंग जेमतेम एक-दोन मिलिमीटर, डोक्यावर मधोमध एक ठिपका. त्या डोळ्याला वस्तू दिसत नाही; उजेड कोणीकडून येतो एवढेच कळते.

"डोळा आपोआप कसा होईल? अर्धा डोळा काय कामाचा?" असे पुष्कळजण विचारतात. खुद्द डार्विनने १८५९ च्या ग्रंथात ही अडचण मांडली होती. उत्तर पाण्यातच आहे. ओढ्यातील दगडाखालच्या चपट्या कृमीचा डोळा म्हणजे रंगद्रव्याची इवलीशी वाटी. वाटी जितकी खोल, तितकी उजेडाची दिशा नेमकी कळते. ज्याला ती अधिक कळते तो अधिक तगतो, त्याची प्रजा वाढते, आणि खोल वाटी पुढच्या पिढीत जाते. तोंड अरुंद झाले की अंधुक प्रतिमा उमटते, पुढे भिंग.

स्वीडनच्या निल्सन व पेल्गर यांनी १९९४ साली याचा हिशेब मांडला. एकेका टक्क्याच्या १८२९ पायऱ्यांत सपाट त्वचेपासून माशाचा डोळा होतो. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून आकडा करून पाहिला: एक रुपया दर मुदतीस एक टक्का चक्रवाढीने १८२९ मुदती ठेवला, तर आठ कोटींवर जातो! पिढीगणिक बदल अगदी नगण्य धरूनही त्यांच्या हिशेबाने चार लाख पिढ्या पुरेशा होतात.

मग सायक्लॉप्स मागे का राहिला? तो मागे राहिलेला नाही. त्याचे तेवढ्यावर भागते. शिवाय डोळा महागही पडतो. १९७५ साली झॅरेट व करफूट यांनी पनामाच्या गाटुन तलावातील बॉस्मिना या पाणपिसवेबाबत दाखविले, की मासे शिकार हेरतात ती अंगाच्या आकारापेक्षा डोळ्याच्या काळ्या ठिपक्यावरून. काचेसारख्या अंगात तेवढाच लपत नाही.