मॅक्सिमा आधी प्रश्न विचारतं

साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले ३ केलं की तो ०.३३३३ दाखवून मोकळा होतो. मॅक्सिमासारखं सॉफ्टवेअर तो अपूर्णांक तसाच ठेवतं आणि अक्षरांवरही अचूक क्रिया करतं. त्याचं मूळ १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. आज ते फुकट मिळतं.

शिकायचं तर संकलनापासून सुरुवात करा. एक्सच्या एन-व्या घाताचं संकलन मागितलं की मॅक्सिमा उलट विचारतं, एनची किंमत उणे १ आहे का? ‘नाही’ म्हटलं तर घात एकाने वाढवून त्यानेच भागलेलं उत्तर येतं. ‘हो’ म्हटलं तर लॉगॅरिदम. परीक्षेत नेमकी हीच अट निसटते.

उत्तर मात्र जसंच्या तसं वहीत उतरवू नये. संकलनाचा स्थिरांक ते लिहीत नाही, लॉगमध्ये एक्सचं केवलमूल्यही घेत नाही. पडताळा घ्यायला उत्तराचं विकलन करायचं, त्यातून मूळ राशी वजा करायची आणि सोपं रूप मागायचं. शून्य आलं की झालं. नाही आलं तरी लगेच चूक धरू नका. साइन-कोसाइन असतील तर ‘ट्रिगसिम्प’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते.