तीस मीटर

कुळगीत सकाळी दव इतकं असतं की मैदानावर मारलेली फक्कीची रेघ बघता बघता पुसट होते. पोरांनी ती दुसऱ्यांदा मारली, टेप लावून ३० मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या. निवड चाचणी अशी: मागून धावत यायचं. पहिल्या काठीशी घड्याळ सुरू, दुसऱ्या काठीशी बंद. त्यानंतर जागेवरून लांब उडी, उंच उडी, दहा मीटरच्या सहा फेऱ्या, चेंडूफेक आणि सगळ्यात शेवटी, दम निघाल्यावर, ८०० मीटर.

दुसरं घड्याळ माझ्या हातात होतं. एक अनवाणी मुलगी सुसाट गेली. माझ्याकडे ४.१ सेकंद, सरांकडे ४.४. अंगठा कुणाचा तरी चुकला होता, आणि एवढ्याशा फरकात पोर निवडीच्या यादीत येते किंवा राहून जाते. "पोरी, परत एकदा," सर म्हणाले. ती धापा टाकत मागे गेली. या वेळी मी श्वाससुद्धा रोखून धरला.

अशा निवडीच्या वेळी मला एक जुनी गोष्ट आठवते. १८८९मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा पहिला 'ऑल-अमेरिका' संघ निवडला गेला, तेव्हा अकराच्या अकरा खेळाडू हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे होते. निवडणाऱ्यांचे डोळे तिथेच होते. पुढे दक्षिणेकडच्या, पश्चिमेकडच्या लोकांनी आपापल्या भागाचे संघ निवडायला घेतले. मला ही गोष्ट इथे, काळी नदीच्या जंगलात, फार जवळची वाटते.

कारण या जिल्ह्यातही निवडणारे एकदा आले होते. ऐंशीच्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 'स्पेशल एरिया गेम्स' योजनेत सिद्दी मुलं निवडून वसतिगृहांत नेली, त्यांना धावायला शिकवलं. पूर्वज आफ्रिकेतले म्हणून ही मुलं वेगवान असणारच, हा त्यामागचा हिशेब मला आजही खटकतो. वेग रक्तावरून ठरवायचा तर घड्याळ कशाला? पण कुणीतरी जंगलातल्या वाड्यांपर्यंत चालत गेलं, हे मोलाचं होतं. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली गेली. मुलं घडत असतानाच गावी परतली, त्याचं दुःख इथल्या घरांत अजून ऐकू येतं.

साडेदहाला सर टेप गुंडाळत होते, तेवढ्यात दोन मुलगे धावत आले. बस चुकली होती, वस्तीपासून पायी आले होते. दोघांच्या पायांना गुडघ्यापर्यंत लाल माती.

"आधी पाणी प्या," सर म्हणाले आणि काठ्या उचलल्या. टेपचं दुसरं टोक मी धरलं.