एक उपाशी, एक मधचोर

मून मॉथ आणि डेथ्स हेड हॉक मॉथ हे दोन्ही पतंग सह्याद्रीत आढळतात आणि पावसाळी रात्री दिव्यावर येतात. मून मॉथ फिकट हिरवा. त्याचा पंखविस्तार 12 ते 16 सेंटिमीटर असतो, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा ठिपका आणि मागच्या पंखांना लांब, पीळ पडलेल्या शेपट्या. दुसरा काळपट तपकिरी, जाडजूड अंगाचा. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण असते.

दिसण्यापेक्षा मोठा फरक तोंडात आहे. मून मॉथचे तोंड निकामी असते. मोईसारख्या झाडांचा पाला खाऊन अळीने साठवलेल्या चरबीवर पतंग जेमतेम आठवडाभर जगतो. एवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची, म्हणून नराच्या शृंगिका पिसासारख्या फुटलेल्या असतात. मादीचा गंध त्यांना दुरूनच लागतो. शेपट्याही नुसत्या शोभेच्या नाहीत. वटवाघूळ प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरते. अमेरिकेतल्या लूना या भाऊबंद पतंगावरील प्रयोगांत वटवाघळांचे बरेच हल्ले शेपटीवर गेले आणि पतंग निसटले. शेपटी तुटली तरी उडता येते.

डेथ्स हेडची सोंड आखूड पण दणकट. रात्री तो सातेरी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो, मेणाचे कप्पे फोडतो आणि मध पितो. युरोपातल्या जातीच्या अंगावर मधमाश्यांच्या गंधाशी जुळणारी रसायने सापडली आहेत. त्यामुळे पहारेकऱ्यांना चोर सहसा ओळखू येत नाही. तरी कधी पकडला जातो आणि जिवानिशी जातो. हाताळल्यास तो चक्क चिरकतो: पेटीच्या भात्याप्रमाणे घशात हवा ओढून बाहेर सोडतो. पतंगांत असा आवाज विरळाच.

मून मॉथची अळी पानांत रेशमी कोश विणते. डेथ्स हेडची अळी मातीत शिरून कोशात जाते. त्याआधी ती तिळाची पाने फस्त करते. शेपटाकडे शिंग असलेली ही बोटाएवढी अळी तीळ उत्पादकांच्या परिचयाची आहे. संख्या थोडी असेल, तर फवारणीपेक्षा हाताने वेचणे सोपे.

कवटीमुळे या पतंगाला युरोपात मृत्यूचा दूत मानले गेले आणि 1991 च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या चित्रपटाने त्याची बदनामी जगभर केली. प्रत्यक्षात दोघांपैकी एकही माणसाला चावत नाही की डंख मारत नाही. घरात शिरल्यास दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी.