गोंधळ्याचे आख्यान आणि ऐकणाऱ्याचे मन

कथाकाव्य छापलेले वाचले म्हणजे ते कळले, असा आपला सुशिक्षितांचा समज असतो. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. शब्दांचा अर्थ पुस्तकातून कळेल. पण तेच ऐकताना सभेचा कंठ का दाटून येतो, हे पुस्तक सांगत नाही. ते जाणण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील माणसाला दूर जावयास नको. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ आपल्या घरच्या लग्नकार्यातच उभा राहतो.

त्याची मांडणी पाहा. पाटावर वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश, शेजारी पेटती दिवटी. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर आधी गणाचे स्तवन होते, मग ठिकठिकाणच्या दैवतांना गोंधळास येण्याचे आवाहन. हा पूर्वरंग. आख्यान येते ते उत्तररंगात. म्हणजे कथेला आरंभ होण्यापूर्वीच घरचे अंगण देवीची सभा झालेले असते, आणि तेथे बसलेला माणूस नुसता प्रेक्षक उरलेला नसतो.

आता जांभूळ आख्यान घ्या. पाच पतींची द्रौपदी. पण कर्णाला पाहून तिचे मन चळले. कृष्णाच्या लीलेने ते गुपित एका जांभळाच्या निमित्ताने उघडे पडते. कथा एवढीच. पण नायक निवेदन करता करता डोक्यावर पदर घेतो आणि द्रौपदी होतो. पदर सारला की पुन्हा गोंधळी. साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, सभा हसते. त्या हसण्यापाठोपाठ संबळ थांबावा आणि द्रौपदीची कबुली यावी! हसून मोकळे झालेले मन सावध नसते. म्हणून ती जिव्हारी लागते. जे चारचौघांत बोलता येत नाही, ते देवीच्या साक्षीने, दुसऱ्याच्या तोंडून, सगळे घर एकत्र बसून ऐकते.

हे केवळ आपल्याकडचेच नव्हे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये फिरते गायक अशीच वीरकाव्ये सभेपुढे गात. इ. स. ७७८ मधील एका लढाईवरचे ‘रोलाँचे गीत’ इ. स. ११०० च्या सुमाराचे, सुमारे ४००० ओळींचे आहे. शत्रूने घेरलेल्या रोलाँला त्याचा मित्र तीनदा विनवतो, की रणशिंग फुंकून राजाला बोलाव. रोलाँ तीनदा नाकारतो. कागदावर ही पुनरुक्ती वाटते. ऐकणाऱ्याला मात्र दर नकारासरशी मरण एकेक पाऊल जवळ आलेले जाणवते. आपला झीलकरी तेच पद पुन्हा उचलतो, तेव्हा हेच घडते. फ्रान्सचे ते गायक गेले. आता अभ्यासकांना हस्तलिखितावरून त्यांच्या गायनाचा तर्कच करावा लागतो.

आपल्यावरही अंशतः तीच पाळी आली आहे. तुळजापुराला उपद्रव देऊन पुढे गेलेल्या अफझलखानाचा १६५९ मध्ये वध झाला. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ च्या संग्रहात छापला. शब्द वाचले, हे उपकार मोठेच. पण अज्ञानदास कोठे थांबला, कोठे आवाज चढवला, हे छापता आले नाही.

गोंधळ मात्र अजून चालू आहे. म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढच्या गोंधळात आख्यान सुरू होताच झोपावयास उठू नये. नायक कोठे थबकतो, सभा कोठे हसते, कोठे गप्प होते, हे टिपून ठेवावे. यंत्र आवाज धरून ठेवील. पण आवाज थांबल्यावर माणसांचे काय झाले, हे तेथे बसलेल्यालाच सांगता येईल.